कापसाचं पोट बरं झालं

डेपोच्या कँटीनमध्ये त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. सकाळची पाळी संपलेले, दुपारची सुरू व्हायची असलेले, वर्कशॉपमधले ग्रीसच्या हातांचे, सगळे खुर्च्यांवर, टेबलांवर, खिडकीच्या कट्ट्यावर दाटीवाटीने बसले होते. पुढे दोन टेबलं जोडून स्टेज केलं होतं. त्यावर बारा माणसं ओळीने उभी. प्रत्येकाने आपापला फोन छातीशी धरला होता, पडदा लोकांकडे, आणि प्रत्येक पडद्यावर एक मोठं हिरवंगार पान.

"हे काय आहे?" कोचसाहेबांनी कॉलरच्या माइकमधून विचारलं.

"पान!" कँटीन ओरडलं.

"कसं आहे?"

"हिरवं!"

"आणि पोट?"

"शांत!"

कोचसाहेबांचे बूट पांढरे, दात पांढरे आणि पोट सपाट. "मित्रांनो," ते म्हणाले, "डॉक्टर काय करतो? बाहेरून पोट दाबतो. दुखतं का, विचारतो. अरे, दुखतंय म्हणूनच आलोय ना तुझ्याकडे!" हशा. "आमचं ॲप विचारत नाही, ऐकतं! तुमचं आतडं चोवीस तास बोलतंय हो! त्याच्या लहरी, त्याची कंपनं, त्याचं मन! रोज सकाळी दोन मिनिटं फोन पोटावर ठेवा. छप्पन्न दिवस. पिवळं पान हिरवं होतं की नाही?"

"होतं!"

तिसऱ्या रांगेत सगळ्यात जोरात टाळ्या वाजवत होते ते मास्तर. शाळेतले नव्हे, शिवणकामाचे. डेपोच्या गेटासमोर त्यांचं दुकान, मागे दोन खोल्यांचं घर. डेपोतल्या प्रत्येक माणसाचा गणवेश त्यांच्या हातचा आणि प्रत्येकाच्या कमरेचं माप त्यांच्या लांबोडक्या वहीत. आज त्यांच्या टाळ्यांना खास कारण होतं. स्टेजवरच्या ओळीत डावीकडून आठवी उभी होती ती त्यांची बायको.

डेपोत तिला सगळे 'नऊ नंबर' म्हणत, कारण बावीस वर्षं तिने नऊ नंबरची बस चालवली होती. मोठ्या आवाजाची, मोठ्या हसण्याची बाई. फक्त पोटाने तिला छळलं होतं. नऊ नंबरच्या शेवटच्या थांब्यावर एक खांब होता आणि एक बाक. संडास नव्हता. ज्याचं पोट कधी बिघडेल सांगता येत नाही, त्या माणसाने तिथे बावीस वर्षं बस नेऊन वळवायची म्हणजे काय, हे ज्याचं त्यालाच माहीत. सकाळी पोटात कळ, दुपारी फुगारा, कधी चार दिवस काही नाही, कधी तासात चारदा. आठ वर्षांपूर्वी डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या करून सांगितलं होतं, "आतड्यात जखम नाही, गाठ नाही. आतडं हळवं आहे तुमचं. याला आयबीएस म्हणतात. त्रास खरा आहे, पण जिवाला धोका नाही. वेळेवर खा, धसका घेऊ नका. आणि एक लक्षात ठेवा. कधी रक्त दिसलं किंवा वजन आपोआप उतरायला लागलं, तर ते हे नव्हे. तेव्हा लगेच यायचं."

दोघांनीही माना डोलावल्या होत्या. मग आठ वर्षांत ते वाक्य कुठेतरी खाली गेलं.

मग डेपोत ॲप आलं. आणलं टाइमकीपरने. तो गाड्यांच्या वेळा बघायचा, आणि त्याचं स्वतःचं पोट नऊ नंबरइतकंच नाठाळ. एक्केचाळीस जणांनी फोनमध्ये पान उतरवून घेतलं. मास्तरांच्या घरी रोज सकाळी एक सोहळा सुरू झाला. बायको पलंगावर आडवी व्हायची, फोन बेंबीवर ठेवायची. फोनमधून गुडगुड, गुळगुळ असे आवाज यायचे. "तुमचं आतडं बोलतंय, ऐका," असं एक मधाळ बाई सांगायची. आणि मध्येच कुठेतरी बारीक 'टिंग' व्हायचं.

"अगं, चमचा कोण पाडतंय?" बायको पलंगावरून ओरडायची. "दोन मिनिटं शांत बसवत नाही का तुम्हाला?"

"मी नाही पाडला, आई!" स्वयंपाकघरातून लेक ओरडायची. लेक कॉलेजात होती आणि आईच्याच आवाजावर गेली होती.

"मग काय भूत पाडतंय?"

रोज हेच. मास्तरांना हसू यायचं. रोज पडणाऱ्या त्या चमच्याचा विचार त्यांनीही केला नाही, हे मात्र लिहून ठेवलं पाहिजे.

कँटीनमधल्या त्या सत्काराच्या आठवडाभर आधी बायकोने गणवेशाची पँट पुढे केली होती. "अहो, कमरेत सैल होतेय. आत घ्या."

मास्तरांनी टेप लावली. चौतीसची तेहेतीस झाली होती. "वा! पानाने पोटही उतरवलं की!" ते म्हणाले, आणि खरोखर खूश झाले. वहीत तारीख घातली, माप घातलं, मशिनवर बसले. पाठीमागच्या शिवणीवरून सुई सरळ धावली.

पहिलं पान हिरवं झालं, तेव्हा ॲपने दुसरं पिवळं पान दिलं. मग तिसरं. मास्तरांनी पँट आणखी तीनदा आत घेतली. साडेएकतीस. तीस. साडेअठ्ठावीस. प्रत्येक वेळी वहीत तारीख, शेजारी माप, अक्षर सुबक. तिसऱ्या वेळी तिच्या कमरेची हाडं टेपखाली लागली. तेव्हा मास्तरांचा हात क्षणभर थांबला होता.

"बरं वाटतंय ना गं तुला?"

"पान हिरवं आहे," ती म्हणाली.

मास्तरांनी मान हलवली आणि खडूची रेघ मारली. पुढे आयुष्यभर त्यांना ती रेघ आठवणार होती.

एका दुपारी नऊ नंबरची बस मधल्याच एका थांब्यावर थांबली. बायकोने गाडी नीट कडेला घेतली, हँडब्रेक ओढला, दारं उघडली, "उतरून घ्या सगळे, मागून दुसरी येतेय," असं प्रवाशांना सांगितलं आणि मग स्टिअरिंगवर डोकं टेकलं. कुणाला ओरखडासुद्धा आला नाही. बावीस वर्षांची सवय ती.

इस्पितळातल्या डॉक्टरबाई तरुण होत्या, पण तोंड भरून बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या. डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून बघितल्या, पोट तपासलं, रक्त काढायला सांगितलं. मग मास्तरांना बाजूला घेतलं.

"वजन कधीपासून उतरतंय यांचं? अंदाजे सांगा."

"अंदाजे कशाला?" मास्तर म्हणाले. त्यांना वाटलं, आपण काहीतरी उपयोगाचं सांगू शकतो. त्यांनी लेकीला दुकानात पिटाळलं आणि वही मागवली. डॉक्टरबाईंनी पान उघडलं. तारीख, माप. तारीख, माप. सात महिन्यांत साडेपाच इंच.

"हे तुम्ही स्वतः लिहिलंय?"

"हो."

"इतकं बारकाईने?"

"मापात कधी चूक नाही करत मी."

"आणि मग काय केलंत?"

मास्तरांनी तोंड उघडलं. उत्तर एकच होतं. ते त्यांना स्वतःलाच पहिल्यांदा ऐकू आलं. "मी पँट आत घेतली," ते म्हणाले.

डॉक्टरबाईंनी दुर्बिणीची तपासणी लगेच करायला सांगितली. बायको म्हणाली, नाही. रक्ताच्या दोन बाटल्या चढवल्यावर तिच्या अंगात हट्टापुरती ताकद आली होती. "नळी आत घातली की पान पिवळं पडतं. कोचसाहेबांनी सांगितलंय. आतड्याचा विश्वास तुटतो."

"बाई, आतडं कुणावर विश्वास ठेवत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "ते अन्न पुढे ढकलतं. तेवढंच त्याचं काम."

"तुम्ही त्याचं ऐकलंय का कधी?"

"दोन दिवस देते," डॉक्टरबाई मास्तरांना म्हणाल्या. "घरी न्या आणि समजूत घाला. दोनच दिवस हां. तिसरा नाही."

घरी मास्तरांनी हात जोडले, आवाज चढवला, रडलेसुद्धा. ती भिंतीकडे तोंड करून फोन पोटावर धरून पडली होती. गुडगुड, गुळगुळ, टिंग.

"चमचा," ती सवयीने पुटपुटली.

लेक दाराच्या चौकटीत उभी होती. दोन्ही हात रिकामे. स्वयंपाकघरात कुणीच नव्हतं.

ती तशीच दुकानात गेली आणि मापाचा पुतळा उचलून घेऊन आली. लाकडी स्टँडवरचा, कापूस भरलेला, पोटावर टाचण्यांच्या भोकांची जाळी झालेला. मास्तर नवीन कपड्याची ट्रायल आधी त्याच्यावर घ्यायचे. पलंगाच्या शेजारी तो उभा करून तिने स्वतःच्या फोनमध्ये ॲप उतरवलं. नाव विचारलं तेव्हा लिहिलं, 'कापूस'. वय चाळीस. तक्रार, पोटदुखी.

"काय चालवलंयस?" मास्तर म्हणाले.

"ट्रायल, बाबा. तुम्ही कुणाच्या अंगावर कपडा चढवायच्या आधी घेता ना? तशी."

तिने फोन मापाच्या टेपने पुतळ्याच्या पोटाला बांधला. गुडगुड, गुळगुळ. "कापूस," मधाळ बाई म्हणाली, "तुमचं आतडं तुमच्यावर रागावलंय. तुम्ही त्याचं खूप दिवस ऐकलं नाहीत." आणि मग, अगदी जागच्या जागी, टिंग.

बायकोने मान वळवली.

"पुन्हा लाव," ती म्हणाली.

लेकीने फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन तारीख एक दिवस पुढे ढकलली आणि पुन्हा लावलं. टिंग. "कापूस, आज तुमचं पोट कालपेक्षा शांत आहे." पुन्हा एक दिवस पुढे. टिंग. "शाब्बास कापूस!" सबंध दुपार असं चाललं. कापसाच्या नावाने लेक वाट्टेल ती उत्तरं भरत गेली. त्रास वाढला, असं लेकीने मुद्दाम भरलं, तर बाई म्हणाली, "एक दीर्घ श्वास घ्या आणि पुन्हा विचार करून सांगा." कमी सांगेपर्यंत पुढे जायलाच देईना. छप्पन्नाव्या दिवशी, म्हणजे पाच वाजायच्या सुमाराला, घंटा वाजली, पान गच्च हिरवं झालं आणि पडद्यावर फुलं पडली. "अभिनंदन कापूस! तुमचं आतडं बरं झालंय."

"आणि हे बघ, आई." लेकीने फोनच्या परवानग्यांची यादी उघडली. माइकसमोर लिहिलं होतं, परवानगी मागितलेली नाही. "याला कानच नाहीत. हे कधी काही ऐकतच नव्हतं. कुणाच्या तरी पोटाचा आवाज एकदा भरून ठेवलाय, आणि भरताना कुणाच्या तरी हातून चमचा पडलाय. पान काय, दिवस मोजतं नुसतं. रोज उघडलं की हिरवं."

बायको हसायला लागली. आधी तिचं ते जुनं मोठं हसू, मग त्याचं रडू कधी झालं ते कळलंच नाही. "बाई गं, तुला उगाच ओरडत राहिले मी, इतके दिवस."

"जाऊ दे ना, आई."

"मी त्याला सांगितलं होतं," ती म्हणाली.

"कुणाला?" मास्तरांनी विचारलं.

"फोनला. प्रश्न विचारा, असं एक खिडकीसारखं असतं त्यात. तिथे लिहिलं होतं, रक्त पडतंय म्हणून. तीनदा लिहिलं. तो म्हणाला, ही भीती आहे, भीतीला खाऊ घालू नका."

"आणि मला? मला का नाही सांगितलंस?" मास्तर म्हणाले.

"तुम्ही पँट आत घेत होतात," ती म्हणाली. "खूश होतात. म्हटलं, काळजीचं असतं तर तुमच्या लक्षात आलं असतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वतःच्या पायांनी इस्पितळात गेली. मोठ्या आतड्यात गाठ होती. ती काढली, पण तोवर यकृतात पसरलं होतं. मास्तरांनी डॉक्टरबाईंना एकच विचारलं. सात महिन्यांपूर्वी, तेहेतीस लिहिलं त्या दिवशी, आणलं असतं तर?

"खात्री कुणीच देणार नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण तेव्हा शक्यता चांगली होती. बरीच चांगली." मास्तरांना त्यांचा राग आला नाही. खोटा धीर आता त्यांना नको होता.

डॉक्टरबाईंनीच आणखी एक समजावलं. "फोन वाईट नाही हो. हळव्या आतड्याला श्वासाचे व्यायाम, जेवणाच्या वेळा, मन शांत ठेवणं याने खरंच आराम पडू शकतो. ते फोनने शिकवलं तरी चालेल. पण तसं म्हणणाऱ्याने आधी पडताळून दाखवावं. निम्म्या लोकांना ते द्यावं, निम्म्यांना दुसरं काही, आणि शेवटी सगळ्यांना मोजावं. मध्येच सोडून गेलेल्यांनासुद्धा. आणि पहिल्याच दिवशी पहिला प्रश्न विचारावा, रक्त पडतं का, वजन उतरलंय का? हो म्हणालात तर ॲपने स्वतःच हात जोडून डॉक्टरकडे पाठवावं."

ती अकरा आठवडे होती. शेवटी शेवटी एकदा म्हणाली, "अहो, ती पँट उसवून ठेवा. कापड चांगलं आहे, कुणाला तरी होईल." मास्तरांनी आपल्या हाताने घातलेले टाके स्वतःच उसवले. पँट पुन्हा चौतीसची झाली. पण जाड कापडावर सुईच्या भोकांच्या चार ओळी तशाच राहिल्या. इस्त्रीने गेल्या नाहीत.

ती गेल्यावर महिन्याभराने कोचसाहेब नवीन तुकडी भरायला आले. तेच कँटीन, तीच दोन टेबलं. "हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

"पुतळा," मागून आवाज आला. मास्तर पुतळा खांद्यावर घेऊन गर्दीतून पुढे येत होते. पुतळ्याच्या अंगावर नऊ नंबरचा गणवेश होता. त्यांनी पुतळा स्टेजवर ठेवला, त्याच्या पोटाला बांधलेला फोन चालू केला आणि कोचसाहेबांच्या कॉलरचा माइक, काही कळायच्या आत, काढून त्याच्यासमोर धरला.

गुडगुड, गुळगुळ. टिंग.

"अरे!" टाइमकीपर म्हणाला. "हा तर आमच्या घरचा चमचा!"

"आमच्याकडेही पडतो!" कुणीतरी ओरडलं.

"माझी तर रोज सुनेशी भांडणं यावरून!"

हसू उसळलं, टेबलावरून टेबलावर गेलं, आणि गणवेशापाशी येऊन थांबलं.

"ताईंबद्दल मला दुःख आहे," कोचसाहेब घाईने म्हणाले. "पण हे औषध आहे असं आम्ही कुठे म्हणतो? अटींमध्ये खाली स्पष्ट लिहिलंय, फक्त विरंगुळ्यासाठी. आणि निकाल बघा ना! बाराच्या बारा हिरवे!"

"पानं उतरवून घेतलेली एक्केचाळीस होती," मास्तर म्हणाले. "ज्यांनी मध्येच सोडलं त्यांनी हात वर करा."

आधी दोन हात वर गेले, मग खूप. मास्तरांनी मोठ्याने मोजले. एकोणतीस.

"त्यांची श्रद्धा कमी पडली," कोचसाहेब म्हणाले.

"त्यांना बरं वाटलं नाही, म्हणून सोडलं. आणि तुम्ही त्यांना मोजलंच नाहीत." मास्तरांनी पँटची मागची बाजू लोकांकडे वळवली. "या चार ओळी बघा. हे माझे टाके आहेत. याने तिला फसवलं, पण खरं काय ते माझ्या हातात होतं, इंचांत लिहिलेलं. मी माझ्या टेपवर विश्वास ठेवला नाही, पानावर ठेवला. तुम्ही असं करू नका. जो म्हणेल मी ऐकतो, त्याला कान आहेत का बघा. जो म्हणेल बारा बरे झाले, त्याला विचारा कितीतले. आणि अंगातून रक्त गेलं तर फोनला नका सांगू रे. माणसाला सांगा."

कोचसाहेबांनी माइक न घेताच पांढऱ्या बुटांसकट काढता पाय घेतला. डेपोच्या साहेबांनी तक्रार लिहून घेतली. तिचं पुढे काय होईल ते होईल. कँटीनमधल्या फोनांमधली पानं मात्र त्याच दुपारी पुसली गेली.

चार दिवसांनी टाइमकीपर दुकानात आला. काखेत पँट. "मास्तर, जरा आत घ्या हो. सैल पडतेय."

मास्तरांनी टेप लावली. वही उघडली. चाळीस होती, साडेसदतीस भरली.

"खाणं कमी केलंस?"

"छे हो."

"चालायला जातोस?"

"कुठला वेळ मिळतोय?"

मास्तरांनी तारीख लिहिली, माप लिहिलं. मग पँटची नीट घडी घातली, फळीवर ठेवली आणि मशिनवर कापड झाकलं.

"अहो, उद्या ड्यूटी आहे माझी!"

"पट्टा लाव," मास्तर म्हणाले. "पँट इथेच राहील. आधी डॉक्टरबाईंची चिठ्ठी आण, मग मी सुईत दोरा ओवतो." टाइमकीपर काही बोलायला गेला, तर त्यांनी वहीतलं ते पान फाडून त्याच्या हातात दिलं. "हे घेऊन जा. त्यांना दाखव. आणि एकटा जाऊ नकोस, थांब, मी येतो."

त्यांनी दुकानाचं शटर खाली ओढलं आणि दोघं इस्पितळाच्या रस्त्याला लागले.